नवव्या गल्लीचा थांबा

जयसिंगपुरात गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशी सरळ मोजत जायची. त्यामुळे तिथं पत्ता चुकणं अवघड, आणि एखादी गल्ली टाळणं त्याहून अवघड. मगदुमांची फियाट गेलं वर्षभर नवव्या गल्लीच्या तोंडाशी आपण होऊन थांबत होती. मागं वरात असो, शाळेची मिरवणूक असो, निवृत्त होऊन आलेल्या जवानाचं स्वागत असो. बँड पुढं निघून जायचा आणि फियाट मात्र गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. मिनिटभरानं पुन्हा पहिला गिअर पडायचा आणि गाडी चालू लागायची.

लोकांना वाटायचं, राजमतीकाकूच थांबवतात. नवरा जिथं गेला तिथं बाई घटकाभर थांबते, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बँडवालेसुद्धा सवयीनं तिथं आवाज उतरवायचे. राजमतीचे हात स्टिअरिंगवर असायचे हे खरं, पण ते नुसते ठेवलेले असायचे. गाडी भूपालअण्णा चालवायचे, आणि भूपालअण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

भूपाल मगदूम तीस वर्षं बसवर ड्रायव्हर होते. छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या मार्गावर बिनचालकाच्या बस आल्या, आणि शाल-श्रीफळ देऊन अण्णांना घरी पाठवण्यात आलं. त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, शलाकाला, पुण्यात नोकरी लागली, ती नेमकी त्या बसचा मेंदू बनवणाऱ्या कंपनीत. पोरगी पेढे घेऊन घरी आली. तिला वाटलं होतं, अण्णा म्हणतील, बस शेवटी घरातच राहिली. अण्णा दारातच म्हणाले, "माझ्याच हातावर पाय देऊन वर चढलीस," आणि पुढं सात वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मगदूम घराण्यात हट्टाला कमतरता नव्हती, त्यामुळे पोरगीही पुन्हा उंबऱ्याला आली नाही.

रिकामे झालेले हात अण्णांनी फियाटमध्ये घातले. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या गोदामात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली अठ्ठावन्न सालची डुक्कर फियाट. नाकाड पुढं आलेली, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली, पुढची सीट बाकासारखी सलग. दोन वर्षं खपून त्यांनी तिला उभी केली. मग गावात काही चांगलं घडलं की फियाट हवी, असा रिवाजच पडला. दहावीत पहिली आलेली मुलगी त्यात बसली, सत्तरीच्या मास्तरीणबाई बसल्या, निम्म्या गावाचे नवरदेव बसले. अण्णा अनवाणी गाडी चालवायचे. चप्पल घातली की पेडलचं बोलणं ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीनं न्यायची म्हणजे तासभर अर्ध्या क्लचवर. इंजिन तापतं, पेट्रोलची वाटेतच वाफ होते आणि गाडी ठप्प. त्यावर अण्णांचा उपाय म्हणजे ओला फडका. बॉनेट उघडायचं, इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर फडका गुंडाळायचा, घटकाभर थांबायचं. दर रविवारी सकाळी इंजिन मोकळं राहावं म्हणून ते एकटेच गावातून फेरी मारून यायचे आणि आल्यावर तो फडका अंगणातल्या दोरीवर वाळत घालायचे. पौष महिन्यातसुद्धा. एवढ्या थंडीत गाडी तापते कशी, असं राजमतीनं एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले होते, "हं."

या 'हं'बद्दल थोडं सांगायला हवं. अडतीस वर्षांच्या संसारात राजमतीनं जेवढे हं ऐकले तेवढे मंत्र ऐकले नसतील. भाजी अळणी झाली का, हं. पाहुणे उद्या येणार आहेत, हं. ऐकताय का मी काय म्हणतेय ते, हं. त्याचा अर्थ हो नसे आणि नाहीही नसे. चालू दे तुझं, मी इथंच आहे, एवढाच काय तो अर्थ. सुरुवातीला ती चिडायची, मग शिकली. तोंडाच्या हं वर विश्वास ठेवायचा नाही, पायावर ठेवायचा. फियाटमध्ये शेजारी बसून ती बोलत राहायची, अण्णा हं हं करत राहायचे, आणि एखादी गोष्ट खरंच काळजापर्यंत पोचली की त्यांचा उजवा पाय सैल पडायचा. गाडी मंद व्हायची. राजमती तेवढं बघून घ्यायची.

आणि आता पेटीबद्दल. वस्तीत माणसानं गाडी चालवायची नाही, असा कायदा होऊन पाचएक वर्षं झाली होती. जुन्या गाड्यांना समारंभापुरती आणि आठवड्याच्या एका फेरीपुरती सूट होती, पण एका अटीवर: गाडीत 'सोबती' बसवला पाहिजे. सोबती म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. स्टिअरिंगला आणि तिन्ही पेडलांना तिच्या छोट्या मोटारी जोडलेल्या. स्टिअरिंगवर आणि पेडलांवर दाब मोजणाऱ्या पातळ पट्ट्या. समोर कॅमेरा, डोक्यावर माईक. आपण होऊन चालणाऱ्या गाड्यांना सगळ्यांना मिळून एकच मेंदू असतो. सोबती तसा नव्हता. तो एकाच माणसाचा हात शिकायचा. या वळणावर, एवढ्या गर्दीत, अशा चढाला हा माणूस क्लच कधी सोडतो, किती सोडतो, हे तो हजारो वेळा टिपून घ्यायचा. मग माणूस काय करणार हे त्याला अर्धा सेकंद आधीच ठाऊक व्हायचं. माणसानं तसं केलं की पेटी गप्प. हात थरथरला, डुलकी लागली, पाय घसरला, तर त्याच माणसानं चांगल्या दिवशी जे केलं असतं ते पेटी करून टाकायची. आपल्याला कुणी सावरलं हे चालवणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही.

एकदाच घडलेली गोष्ट पेटी शिकत नसे. दहा-बारा वेळा तेच घडलं की ती हळूच विचारायची, "ठेवू?" चालकानं हो म्हटलं की ती सवय पक्की. चाचण्या घेताना इंजिनिअरांच्या लक्षात आलं, की आपल्याकडची माणसं हो म्हणतच नाहीत, हं म्हणतात. म्हणून त्यांनी हं हासुद्धा होकार धरला. शहाणी माणसं. पण त्यांच्यातल्या कुणी भूपालअण्णांशी संसार केलेला नव्हता.

अण्णांनी कुरकुर करत पेटी बसवून घेतली. पोरीला घरात घेतलं नाही आणि पोरीच्या भावंडाला गाडीत घेतलं, असं राजमती त्यांना म्हणाली होती. उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला फियाट मिरवणुकीच्या मधोमध होती. मागच्या सीटवर गावातले सगळ्यात म्हातारे माजी सैनिक, पुढं अण्णा, शेजारी राजमती. शलाका पुण्याची नोकरी सोडून अकरा महिन्यांपूर्वीच जयसिंगपुरात आली होती, जवळच्या कॉलेजात शिकवत होती आणि नवव्या गल्लीच्या तोंडाशी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. राजमती तिला दर रविवारी सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात भेटायची. अण्णांना यातलं काही माहीत नाही, या समजुतीवर ते अकरा महिने निभले होते.

त्या दिवशी नगरपालिकेचा चौक गेला आणि राजमतीनं धीर केला. भाद्रपदातलं दहा दिवसांचं व्रत संपलं की क्षमावाणी येते. त्या दिवशी जैन घरांत लहानथोर एकमेकांना हात जोडतात आणि वर्षभराचं चुकलंमाकलं माफ करून घेतात. राजमतीनं सगळं सांगून टाकलं. पोरगी गावात आहे, वाळली आहे, तुमची विचारपूस करते. मग म्हणाली, "क्षमावाणीला घरी बोलवू का तिला?"

अण्णा म्हणाले, "हं." आणि गाडी मंद झाली. मंद होत होत नवव्या गल्लीच्या तोंडाशी, बरोबर शलाकाच्या खिडकीखाली, उभी राहिली. राजमतीचे डोळे भरून आले. बोलावते मग, असं म्हणून तिनं नवऱ्याकडं वळून पाहिलं. अण्णा समोर बघत होते, हात स्टिअरिंगवर होते, आणि त्यांच्यात काही उरलेलं नव्हतं.

त्याच दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, तिनं शलाकाला ते सांगितलं. अण्णांनी शेवटच्या श्वासाला गाडी तुझ्या दारात आणून उभी केली, मी विचारलं तेव्हा हं म्हणाले. सात वर्षं न रडलेली पोरगी तेव्हा रडली. महिन्याभरात ती सामान घेऊन घरी राहायला आली, आणि राजमतीचं पुढचं वर्ष त्या एका वाक्यावर तरलं.

कायद्यानं मेलेल्या माणसाचा हात घरच्या परवानाधारकाला वर्षभर वापरता येई. राजमतीकडं परवाना होता, चाळिशीत अण्णांनीच शिकवलं होतं. वर्षानंतर दोनच वाटा होत्या. नव्या चालकानं जुन्या हातावर आपला हात चढवायचा, नाहीतर पेटी पुसून कोरी करायची. हात चढवायचा असेल तर जुन्या चालकाच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी वाचून सही करावी लागे. शलाकानं केव्हाच सांगून टाकलं होतं, अण्णांच्या हातावर मी माझा हात ठेवणार.

जुलैच्या शेवटी शब्बीर शिकलगारचा निरोप आला, काकू, एकट्याच या. शब्बीर हा सांगली रस्त्यावरच्या सोबती केंद्राचा तपासनीस. एकेकाळी बसडेपोत अण्णांच्या हाताखाली हवा भरण्यापासून शिकलेला माणूस. त्यानं तिला टायरवर बसवलं, पाणी दिलं आणि एक छापील कागद पुढं केला.

"शलाकाताईला द्यायच्या आधी तुम्ही बघा," तो म्हणाला. "मला काही सुचंना झालंय."

कागदावर पंधरा ऑगस्टच्या सकाळच्या ओळी होत्या. हाताचा दाब, पायाचा दाब, आवाज. नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी, नगरपालिकेच्या चौकात, हाताचा आणि पायाचा दाब शून्यावर आला होता. तिथून पुढं चार मिनिटं गाडी पेटीनं चालवली होती. नऊ सेहेचाळीसला ती नवव्या गल्लीशी थांबली. त्या चारही मिनिटांत शेजारच्या बाईचा आवाज नोंदलेला होता. चालकाचा आवाज: नाही.

राजमतीनं ते तीनदा वाचलं. मग म्हणाली, "पण हे हं म्हणाले होते. मी ऐकलंय शब्बीर."

"असंल की काकू," शब्बीर खाली बघत म्हणाला. "पेटीला ऐकू गेलं नसंल."

मागच्या सीटवर डास गुणगुणला तरी पेटी टिपते, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं कागदाची घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

घरी परत येईपर्यंत तिला नीट कळून चुकलं होतं. आपल्याही कानात एक पेटी होती. अडतीस वर्षं ऐकून ऐकून ती तयार झाली होती. बोलणं कुठं थांबलं की हं येतो हे तिला अर्धा सेकंद आधीच माहीत होतं. माणूस गप्प झाला तेव्हा कानानं त्याच्या जागी हं भरून टाकला, आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. चार मिनिटं ती गेलेल्या माणसाशी बोलत होती. आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं तिनं तेव्हाच काढलं होतं.

त्या दिवसापासून तिला घराची भीती वाटू लागली. गॅसवर दूध ठेवताना ती सवयीनं काहीतरी बोलायची आणि पाठीमागून हं यायचा. अगदी स्पष्ट, घसा थोडा बसलेला, तसाच. ती वळून बघायची नाही. वाईट याचं वाटायचं नाही की तिथं कुणी नाही; वाईट याचं वाटायचं की अडतीस वर्षांतले किती हं खरोखर त्यांचे होते आणि किती आपण आपले ऐकले, हे आता कधीच कळणार नव्हतं. ती बोलायचीच बंद झाली. शलाकानं दोनदा विचारलं, आई बरं नाही का तुला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या मरडींचा मुलगा फौजदार झाला, त्याची मिरवणूक होती, सकाळची. राजमतीनं नेहमीसारखे ठिणगीचे पॉइंट काचकागदानं घासून घेतले, पाणी बघितलं, फडका भिजवून ठेवला. वर्षभर ती गाडी हाकताना नवऱ्याशी हळूच बोलायची, आणि बोललं की गाडी तशीच मंद व्हायची. तिचा आवाज आणि पायाचं सैल पडणं, दोन्ही पेटीनं एकत्रच शिकून घेतलं होतं. वर्षभर तिला याचा केवढा आधार होता. त्या दिवशी तिच्या तोंडून चुकून दोन शब्द गेले, पायाखालचं पेडल आपोआप वर आलं. हे कोण ऐकतंय, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं. तिनं ओठ मिटून घेतले.

नवव्या गल्लीशी गाडी थांबली. शेजारी, राजमतीच्या जुन्या जागेवर, शलाका बसली होती. तिनं दर वेळेसारखा डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाली, "आले अण्णा."

राजमतीनं तिथंच ठरवलं. हात राहिला तर कागद पोरीच्या हाती जाणार. कागद गेला तर अण्णांनी माफ केलं होतं हे जाणार, आणि त्या सात वर्षांचं ओझं पोरीच्या डोक्यावर पुन्हा येऊन बसणार, या वेळी कायमचं. हात पुसला तर नोंदी पुसल्या जातात. म्हणजे नवऱ्याला दुसऱ्यांदा पोचवून यायचं, एवढंच. संध्याकाळी तिनं शलाकाला सांगितलं, तू कोऱ्या पेटीत तुझा हात घाल. तुझे अण्णा आता पुरे झाले.

  तुला वाटेल तसं, एवढंच शलाका म्हणाली. एवढ्या सहज ती कबूल होईल असं राजमतीला वाटलं नव्हतं, आणि त्याचा तिला थोडा रागही आला.

दहा ऑगस्टला सकाळी राजमती शब्बीरच्या शेडमध्ये गेली. शब्बीरनं पेटी जोडली, वारसाचा आवाज ओळखवून घेतला, तिच्यावर पिवळा दिवा लागला. पुसण्याआधी पेटीतल्या पक्क्या सवयी वारसाला वाचून दाखवायच्या, असा नियम होता. शब्बीर स्टुलावर बसून वाचू लागला. डेअरीच्या वळणावर दोनदा हॉर्न. शाळेपाशी डावी बाजू. रेल्वे फाटकाच्या चढाला आधी क्लच, मग ब्रेक. राजमती ऐकत होती. त्या यादीत आपला माणूस तिला चालताबोलता दिसत होता.

मग शब्बीर थांबला. पुन्हा वाचलं, आधी मनात.

"काकू, हे मीबी आत्ताच बघतोय," तो म्हणाला. "नववी गल्ली, तोंडाशी थांबा. टिपलंय फक्त रविवारी. सकाळी सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान. दोन मिनिटं, कधी चार. बेचाळीस वेळा."

राजमतीनं मनातल्या मनात वेळ जुळवली. रविवारी सव्वासात म्हणजे ती आणि शलाका बस्तीत असायच्या. म्हणजे सगळं ठाऊक होतं यांना. पोरगी कुठं राहते ते, आणि मायलेकी कधी भेटतात तेही. पोरगी घरात नसेल ती वेळ साधून हा माणूस तिच्या बंद खिडकीखाली जाऊन उभा राहत होता. बॉनेट उघडून, थंड पंपावर ओला फडका गुंडाळून, कुणी विचारलंच तर गाडी तापली म्हणायला. पौषातला तो फडका तिला दोरीवर दिसला.

शब्बीर सांगत होता. पेटीनं तेव्हा ठेवू म्हणून विचारलंय आणि अण्णा हं म्हणालेत, तशी नोंद आहे. पेटी जागा धरते, वार नाही; पुढं मिरवणुकीत ती जागा आली की पेटी थांबायला बघायची, आणि अण्णा जोर लावून गाडी पुढं काढायचे, तुम्ही शेजारी असायचा ना. त्या पंधरा ऑगस्टला जोर लावायला पाय नव्हता. म्हणून थांबली. मेल्यावर थांबली हे खरं, पण थांबवली त्यांनीच.

राजमती मान खाली घालून ऐकत होती. ऐकणाऱ्यानं म्हणायचं म्हणून तिच्या तोंडून निघालं, "हं."

पिवळा दिवा हिरवा झाला. पेटीतून बारीकसा आवाज आला, संपल्याचा.

शब्बीर ताडकन उठला. पेटी विचारून थांबली होती, पुसू का म्हणून. वाचण्याच्या नादात दोघांनाही ते ऐकू गेलं नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.  राजमतीला आत कुठंतरी हसूच आलं. आयुष्यभर नवऱ्याला म्हणत आली, नुसतं हं हं करत जाऊ नका, एखाद दिवशी अंगाशी येईल.

पुसायलाच तर ती आली होती. पण आता जे पुसलं गेलं ते दुसरंच होतं. चार मिनिटांचा कागद तिच्या बटव्यात शाबूत होता आणि बेचाळीस रविवार गेले होते. शब्बीर म्हणाला, मी ताईला सांगतो, मी साक्ष देतो. तिनं मान हलवली. म्हाताऱ्या बाईचं मन राखायला तो खोटं बोलतोय, असंच पोरीला वाटेल. गल्लीतल्यांना विचारावं तर ते म्हणतील, अण्णा इंजिन गार करायला थांबायचे.

गप्प बसणं सोपं होतं. खोटं आता सुरक्षित होतं. पण तेवढ्यावर राजमतीचं भागेना. एका खोट्या हं च्या बदल्यात बेचाळीस खरे रविवार मुलीपासून लपवायचे, हे तिला जमणारं नव्हतं. रविवार कुठून कळले म्हटलं की नोंदींचं निघणार, म्हणून ते द्यायचे तर ती चार मिनिटंही द्यावी लागणार होती.

चौदा तारखेला सकाळी शलाका फियाटचा ताबा घ्यायला शब्बीरकडं आली. कोऱ्या पेटीवर सही केली, चपला काढून सीटखाली सरकवल्या, अनवाणी पाय पेडलवर ठेवला. राजमती शेजारी, आपल्या जुन्या जागेवर बसली. सांगली रस्त्यावर गाडी चांगली चालली होती, पस्तीसवर काटा. गिअर टाकताना थोडा दात घासल्याचा आवाज आला, अण्णांच्या हाताला तो कधी आला नव्हता.

राजमतीनं बटव्यातून कागद काढला आणि मांडीवर उलगडला. समोर रस्त्याकडं बघत तिनं सुरुवात केली. चौकात काय झालं, मी काय विचारलं, आणि कोण हं म्हणालं. तुझ्या अण्णांनी नाही, माझ्या कानानं. मग पौषातला फडका सांगितला, सव्वासात सांगितले, बेचाळीस सांगितले. ते कुठं लिहिलेलं होतं आणि कसं गेलं, तेही सांगितलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटत होता.

बोलता बोलताच तिच्या मनात आलं, एकदा घडलेली गोष्ट पेटी शिकत नाही, हे या पोरीइतकं कुणाला ठाऊक असणार. तिनं अशाच पेट्यांच्या मेंदूंवर सहा वर्षं काढली होती. वर्षभर गाडी तिच्या जुन्या दारात थांबत होती आणि ती आले अण्णा म्हणत होती. तिनं मनात कधी हिशोब केलाच नसेल? की केला होता, आणि आईसाठी गप्प राहिली होती? कोऱ्या पेटीला एवढ्या सहज हो म्हणाली ती कुणाला वाचवायला?

"आता पुरावा म्हणशील तर माझ्याकडं काही नाही," राजमती म्हणाली. "तू आणि मी बस्तीत असायचो तेव्हा ते तिथं यायचे. तुला पटतंय का?"

गावाची वेस आली. उजव्या हाताला गल्ल्या सुरू झाल्या.

"हं," शलाका म्हणाली.

तो कुठला हं होता हे राजमतीला कळेना. पटलं असं होतं, की माहीत होतं असं, की आई, आता बोलू नकोस असं. तो पोरीनं म्हटला की आपल्या कानानं भरला, एवढीही खात्री तिला देता आली नसती. तोंडाकडं बघायचा धीर तिला झाला नाही. म्हणून तिनं अडतीस वर्षांच्या सवयीनं खाली पाहिलं, पायाकडं.

अनवाणी पाय सैल पडला होता. काटा तिसावरून खाली आला, मग पंचविसावरून. सातवी गल्ली सावकाश मागं गेली. आठवी आली. मागून येणाऱ्या बिनचालकाच्या गाडीनं शिस्तीत बाजूला होऊन वाट काढली. राजमतीनं डॅशबोर्डखाली बघून घेतलं. पेटीवर एकही दिवा नव्हता. ती कोरी होती, तिला अजून काहीच येत नव्हतं.